वीजघराच्या खाली समुद्र

“पाऊस कोण होणार?” कर्णिकांनी विचारलं.

आमच्या भेंडवणे गावच्या शाळेत, दोन वर्गांमधलं पार्टिशन काढून केलेल्या हॉलात, हा माणूस माइक धरून हे विचारत होता. धरणांचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेचा प्रमुख. अंगात खादीचा झब्बा आणि आवाज असा, की आजाऱ्याला पेज भरवतोय. कोणी हात वर करेना. पुरुषांना पाऊस होणं कमीपणाचं वाटलं असणार. शेवटी तो मागच्या बाकांवरच्या आम्हा बायकांकडे वळला.

“वैजयंताताई, तुमचा गट पाऊस.”

“मरांदे, होतंव पाऊस,” मी म्हटलं.

शेजारी बसलेली सत्यवती माझ्या कानाशी पुटपुटली, “जल्मभर रडलंव, आता पडूक सांगतत.” बायका पदरात तोंड घालून हसल्या.

आता दहा-बारा वर्षं झाली. पण त्या दिवसाची आठवण काढली की अजून माझी कानशिलं तापतात. लोक म्हणतात, वैजू, सोड आता. का सोडू? ज्यांनी सोडायला हवं होतं त्यांनी सोडलं नाही.

सकाळी गाऱ्हाणं झालं होतं, ते आधी सांगते. कर्णिकांनीच सुचवलं होतं, “सुरुवात तुमच्या पद्धतीनं करू या.” आमची पद्धत म्हणजे गाऱ्हाणं. गावात लग्न निघो, विहीर खणायची असो, घाडी आजो नारळ हातात घेऊन देवाला हाक मारतात आणि सगळं गाव एका सुरात हुंकार देतं. गोविंद घाडी तेव्हा ऐंशीच्या घरातले. पाठीत वाकलेले, पण गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की आवाज वर सड्यावर, कातळाच्या माळावर, ऐकू जायचा. कर्णिकांचा कॅमेरावाला त्यांच्या तोंडापाशी कॅमेरा घेऊन उभा राहिला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही पुण्याची मंडळी आपल्या गावात इली हत. त्येंनी जा काय काम मनात धरलेला आसा, ता तडीस ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येंच्या वाटेत कोण आडवो येत असात, तर तेका बाजूक सार रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मीही ओरडले. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडले असेन. पाहुणा घरात आला की त्याचं भलं मागायचं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

मग खेळ सुरू झाला. लांब टेबलावर वर एक काचेचा मोठा वाडगा, ते धरण. निळ्या गोट्या म्हणजे पाणी. आम्ही पाऊस, म्हणून आम्ही फासा टाकायचा आणि पडेल तेवढ्या गोट्या वाडग्यात ओतायच्या. सरपंच बाबलो परब आणि त्याची माणसं म्हणजे वीज कंपनी. एक टेबल घाटावरचं शहर, एक टेबल सरकार. कर्णिक म्हणाले, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरलं की त्याची अडचण कळते. बाबलो भूमिकेत इतका शिरला, की पहिल्याच फेरीला खुर्चीत रेलून म्हणाला, “आज लाइट नाय. अर्ज करा.” लोक हसून हसून लोळले.

फासा मात्र चांगला नव्हता. एरवीच्या फाशासारखे ठिपके त्याला नव्हते. तीन बाजू कोऱ्या, दोन बाजूंना जेमतेम, आणि एका बाजूला एकदम ढीग.

“असो कसो ह्यो फासो?” मी विचारलं.

“पुढचा पाऊस असाच असणार आहे, ताई,” शाल्मली म्हणाली.

कर्णिकांच्या संस्थेतली डॉक्टर शाल्मली देवस्थळी. कॉम्प्युटरचं सगळं तिच्याकडे होतं. तिशी-पस्तिशीची, बारीक, बोलताना चष्मा कपाळावर सरकवायची. कार्यक्रमाआधी दोन दिवस ती माझ्याच घरी उतरली होती. कुळथाची पिठी भुरके मारून खाल्ली तिनं. माझ्याबरोबर नदीवरच्या बांधापाशी आली, साडी नेसलेल्या बाईसारखी पँट वर खोचून पाण्यात उतरली आणि कसलीशी फिरकी पाण्यात धरून वेग मोजला. मला आवडली होती ती पोरगी. हे लिहिताना दात खावे लागतात, पण आवडली होती.

तिनंच मला ओसरीवर बसून समजावलं होतं. पाऊस आता उशिरा येतो. आला की चार दिवसांत कोसळतो, धरण भरून वाहून जातं, आणि मग महिना-महिना आभाळ कोरडं. असल्या पावसात डोंगरमाथ्यावरच्या धरणानं आणि पायथ्याच्या वीजघरानं पुढची कितीतरी वर्षं कसं तगायचं, ते कॉम्प्युटरवर आधी करून बघायचं. खोटं धरण, खोटा पाऊस, पण हिशेब खरा. त्याला मॉडेल म्हणतात. “धरणानं हवामानाशी जुळवून कसं घ्यायचं, ते शोधतोय आम्ही,” ती म्हणाली होती.

तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. सिमेंट कधी कुणाशी जुळवून घेतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

आमचं गाव त्या धरणाच्या बरोबर खाली. घाटमाथ्यावरचं पाणी तेव्हा बोगद्यातून खाली वीजघरात पडायचं, वीज करायचं, आणि बाहेर सुटायचं ते आमच्या हाळवी नदीत. ती नदी पोफळीच्या बागांना, उन्हाळी वायंगणी भाताला पाणी देत खाडीला मिळायची. गोडं पाणी वरून येत राहायचं म्हणून खाडीचं खारं पाणी खालीच राहायचं. खेळाच्या दोन उन्हाळे आधी वीजघर दुरुस्तीला बंद होतं, तेव्हा बघितलं होतं आम्ही. नदी आटली, भरतीचं पाणी वर चढलं आणि विहिरी मचूळ झाल्या. चहा खारट लागायचा. नदीकाठची माझी पोफळीची बाग मीच लावलेली. घोव गेल्यावर दीर म्हणाले, बाईमाणसानं बाग कशाला, विकून टाक. मी रोपं आणून लावली. ती नुकती धरायला लागली होती आणि त्या एका उन्हाळ्यात पिवळी पडून अर्धी गेली.

तर, खेळ. आम्ही फासा टाकला. कोरा. पुन्हा कोरा. सत्यवती फाशावर फुंकर मारून म्हणाली, “पड गो बाय!” आणि ढीग पडला. गोट्या वाडग्यातून सांडून जमिनीवर पळाल्या, पोरं त्यांच्यामागे. कर्णिक खूश झाले. “बघा! हाच तो हवामान बदल!”

बाबलोनं आपल्या वाट्याच्या गोट्या वीजघराच्या पन्हळीतून सोडल्या. त्या गडगडत खाली आल्या आणि एका प्लॅस्टिकच्या डब्यात पडल्या. डब्यावर कागद चिकटवला होता. त्यावर लिहिलं होतं, समुद्र.

मी डबा उचलला. आत बघितलं. टेबलाखाली बघितलं.

“शाल्मली, ह्यो डबो कसलो?”

“समुद्र, ताई. वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी.”

“आमी खंय आसंव?”

“तुम्ही पाऊस आहात ना?”

“खेळातला नको. खरा सांग. भेंडवणे खंय आसा ह्या टेबलार?”

ती टेबलाकडे बघत राहिली. वर धरण, बाजूला शहर, मध्ये वीजघर, आणि वीजघर संपलं की डबा.

“शेवटी पाणी समुद्रातच जातं, ताई. म्हणून...”

“शेवटाक तू पण मसणातच जातलस. म्हणान काल तुका जेवक वाढूक नको होता काय?”

हॉल हसला. ती नाही हसली. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, “प्रत्येक मॉडेलला हद्द असते. आमची हद्द वीजघरापर्यंत. कंपनीनं काम तेवढंच दिलंय.”

“मगे आमका कित्याक बोलवलास?”

याला तिच्याऐवजी कर्णिक बोलले. “ताई, तुमच्या सूचना आम्ही नक्की नोंदवून घेऊ.”

मी म्हटलं सूचना नाही, नदी घाला. त्या टेबलावर एक वाटी ठेवा, हाळवी म्हणून, आणि तिच्यात गोट्या पडल्याशिवाय तुमचा समुद्र भरू नका. शाल्मलीनं मला बाजूला घेतलं, खिडकीशी.

“एक खरं सांगू? रागावू नका. हे पाणी मुळात हाळवीचं नाहीच. घाटावरचं, पूर्वेकडे जाणारं पाणी आहे, बोगद्यातून इकडे वळवलेलं. त्याआधी ही नदी माघात आटायची, घाडी आजोबांनीच सांगितलंय मला. आणि धरणात ज्यांची गावं बुडाली, ती माणसं वर पठारावर अजून टँकरचं पाणी पितात. उद्या ती म्हणाली की हे आमचं, तर?”

  दुसऱ्याच्या बुडालेल्या घरावरून आलेल्या पाण्यावर माझ्या पोफळी उभ्या राहिल्या, हे खरंच आहे.

“मगे ह्या पाणी तुमी तेंका परत देतास काय?” मी विचारलं.

“...नाही.”

“मगे तेंचा नाव माझ्या तोंडार कित्याक मारतस?”

ती मग म्हणाली, “दुपारनंतर कंपनीचे साहेब येतायत. तेव्हा मी नदी घालून मॉडेल चालवून दाखवते. सगळ्यांसमोर. शब्द देते.”

मी तिच्या शब्दावर विसंबले. बाकी मला काय येत होतं?

जेवणं झाल्यावर बोरवणकर आले. कंपनीचे मुख्य अभियंता. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही. असल्या माणसाशी भांडताना भिंतीला धडका दिल्यासारखं होतं. पडदा लावला, खिडक्यांना चटया लावून अंधार केला. कर्णिक उभे राहिले. “साहेब, तांत्रिक भागाआधी एक छोटी फिल्म. आजच सकाळची आहे.”

पडद्यावर घाडी आजो आले. हातात नारळ. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. “त्येंनी जा काय काम मनात धरलेला आसा, ता तडीस ने रे म्हाराजा!” आणि आम्ही सगळे, दोनशे तोंडं, माझं तोंड तर पडदाभर, “व्हय म्हाराजा!”

चित्र थांबलं. कर्णिक म्हणाले, “खालच्या गावानं ग्रामदैवतासमोर एकमुखानं नव्या योजनेला पाठिंबा दिला. इतका उत्स्फूर्त सहभाग मी माझ्या कामात पाहिला नाही.”

बोरवणकरांनी दोन टाळ्या वाजवल्या. मागे अंधारात कोणाचा तरी श्वास ऐकू आला. मग काठी वाजली.

“ओ म्हातारे,” घाडी आजो उभे राहिले होते. कर्णिकांना म्हातारे म्हणाले, स्वतः त्यांच्या बापाच्या वयाचे असून. “ता गाऱ्हाणा पाव्हण्यांचा. दारात इलेल्याक आमी गाऱ्हाण्यात घालतंव. पाठी एक सर्कसवालो इल्लो, तेचाही घातला. म्हणान आमी देवाकडे वाघ मागलो?”

लोक हसले. कर्णिकही हसले, तेच वाईट झालं. “आजोबा, भावना पोहोचल्या तुमच्या.”

“भावना नाय. माझो शब्द पोचलो. तो माका परत द्या.”

“अहो, ती फिल्म आहे फक्त.”

आजो उभेच राहिले.  देवाजवळ बोललेला शब्द कॅमेऱ्यात कसा सापडला आणि आता तो कुठल्या भाषेत कुठं जाणार, हे त्या माणसाला कळत नव्हतं, पण आपल्याला लुटलंय एवढं कळत होतं. मी तो चेहरा बघितला आणि माझं डोकं फिरलं.

बोरवणकरांनी घड्याळ बघून बोलायला सुरुवात केली होती. “नवी योजना साधी आहे. वीजघराच्या खाली एक तलाव बांधायचा. संध्याकाळी वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. दिवसा उन्हावरची वीज स्वस्त असते, तेव्हा तेच पाणी पंपानं परत वर चढवायचं. पावसाचा भरवसा नाही, म्हणून तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं. एक थेंब वाया नाही.”

“वाया म्हंजे खंय जाय आतापर्यंत?” मी उभी राहून विचारलं.

“समुद्रात.”

“शाल्मली,” मी म्हटलं, “तू शब्द दिलंस.”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिनं कर्णिकांकडे बघितलं. मग कोणालाही न विचारता तिनं कॉम्प्युटर ओढून घेतला. पडद्यावर कोष्टक आलं. वीज, शहर, धरणातला साठा. तिनं खाली एक नवी ओळ लिहिली, मराठीत. हाळवी नदी, वीजघराच्या खाली.

“किती पाणी हवं?”

पुरुषांत गलका झाला. कोणी म्हणे आतासारखं, कोणी म्हणे पुरुषभर. मी म्हटलं, “बांधावरसून घोट्याभर पाणी जावंदे. तेवढ्यान खारा पाणी वर येना नाय.”

“तिथं मोजलंय मी,” ती म्हणाली, आणि आकडा घातला. तिला तो पाठ होता.

पडद्यावर एक गोल फिरत राहिला. फिरत राहिला. मग तांबड्या अक्षरांत ओळ आली. तिनं वाचून दाखवली, “उत्तर मिळत नाही.”

“बघा,” बोरवणकर म्हणाले. शांतपणे. “यात माझं काही मत नाही. गणितच सांगतंय.”

“उत्तर नाय म्हंजे काय?” मी तिला विचारलं.

“म्हणजे सगळ्यांना हवं तेवढं देता येत नाही. कोणाचं तरी कमी केल्याशिवाय.”

“आदी कोणाचा कमी करून गावलेला उत्तर?”

 “तुमचं,” ती म्हणाली. “पूर्ण.”

“मगे आता लायटीचा कर. जरा. चतकोर.”

“शाल्मली, हे इथं करायचं नसतं,” कर्णिकांच्या आवाजातली पेज संपली होती.

तिनं केलं. संध्याकाळच्या विजेचा आकडा थोडा खाली आणला, बटण दाबलं. गोल फिरला आणि थांबला. पडद्यावर एक निळी रेघ उमटली. पौषातून चैत्रात, चैत्रातून वैशाखात, जाड नव्हे, बारीक, पण कुठं तुटली नाही.

“ही तुमची नदी,” ती म्हणाली.

सत्यवती बाकावर चढली. “वैजू! बग गो, आपली न्हंय! आपली हाळवी!” पाठोपाठ सगळा हॉल उठला. पोरांनी शिट्या मारल्या. मी रडले, खोटं कशाला सांगू. भिंतीवरच्या एका रेघेला बघून रडले.

बोरवणकर गलका संपायची वाट बघत बसले. मग म्हणाले, “मॅडम, विजेचा आकडा करारातला आहे. तो बदलायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही. पूर्ववत करा. आणि ही जी ओळ आहे, ती अभ्यासाच्या व्याप्तीबाहेरची आहे. ती काढा, म्हणजे पुढं जाता येईल.”

“शाल्मली, प्लीज,” कर्णिक.

तिचा हात कॉम्प्युटरवर होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, सध्यापुरती काढते. अहवालात वेगळी टीप घालीन मी.”

“काढू नको.”

“सध्यापुरतीच.”

“शाल्मली, काढू नको गो.”

तिनं काढली. एक बटण. दरड कोसळलेली मी बघितली आहे, पुरात गोठा जाताना बघितला आहे. इतक्या सहज काही जाताना मी बघितलं नव्हतं. जिथं रेघ होती तिथं पांढरा पडदा राहिला.

मग मी पुढं गेले आणि पडद्यासमोर उभी राहिले. मशीनचा उजेड डोळ्यांत घुसला, काही दिसेना. माझ्या लुगड्यावर त्यांचं धरण, त्यांचे पंप, त्यांचे आकडे पडले होते. कोणीतरी हसलं.

“ताई, बाजूला व्हा,” बोरवणकर म्हणाले.

“आता दाखवा काय दाखवचा ता. माझ्या पोटार दाखवा.”

“सरपंच, यांना जरा...”

आणि बाबलो उठला. आमचा बाबलो. सकाळी खुर्चीत रेलून लाइट नाय म्हणणारा. त्यानं माझा दंड धरला, हळू, अगदी मान देऊन. “वैनी, पाव्हणे आसत. बरा दिसना नाय. चल बाजूक.”

तेव्हा मला ते आठवलं. वाटेत आडवा येईल त्याला बाजूला सार. सकाळी हे मागणारी मीच होते, आणि देव बघा कसा, दिवस मावळायच्या आत ऐकलं.

“हात काढ, बाबल्या.”

“वैनी...”

“सोड तिका!” घाडी आजोंचा आवाज. गाऱ्हाण्याचा आवाज, सड्यावर जाणारा. काठी टेकत ते उजेडात आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. वाकलेली पाठ, अंगावर गंजीफ्रॉक, त्याच्यावर आडवंतिडवं धरण. “मी घातलंय ता गाऱ्हाणा. मीच आडवो येतंय. सारा माका बाजूक, कोण सारता ता बगतंय.”

कोणी पुढं आलं नाही. पाठीमागून सत्यवती आली, तिच्यामागून बाकीच्या. पडदा दिसेनासा झाला. बोरवणकरांनी मशीन बंद करायला सांगितलं. जीप निघताना कर्णिक बाबलोला म्हणत होते, “फारच भावनिक वातावरण झालं.” शाल्मली मागच्या सीटवर होती. तिनं काच खाली केली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आम्हाला वाटलं, जिंकलो. पोरांनी फटाके लावले. काय अक्कल आमची! त्यांना आमच्या भिंतीची गरजच कुठं होती? पडदा पुण्यातही होता, दिल्लीतही होता. अहवाल निघाला. मुखपृष्ठावर घाडी आजो, नारळ घेऊन. शाल्मलीनं शब्द पाळला होता, टीप घातली होती. शेवटच्या पानांत, मुंगीएवढ्या अक्षरात. वीजघराखालील प्रवाह प्रस्तुत अभ्यासाच्या व्याप्तीबाहेर.

आम्ही रस्त्यावर बसलो, कोर्टात गेलो, बायकांनी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. तलाव झाला. आता पाणी संध्याकाळी खाली येतं आणि दिवसा वर जातं. आमच्या डोक्यावरून, पाइपातून. रात्री वीजघराचे दिवे इथून झगमगताना दिसतात. माघात हाळवीत पोरं क्रिकेट खेळतात आणि विहिरीत मीठ. माझी बाग मीच तोडली. उभ्यानं वाळताना बघवेना.

घाडी आजोंनी त्या दिवसानंतर गाऱ्हाणं घातलं नाही. गावानं पाय धरले. ते म्हणायचे, “ह्या तोंडात आता कॅमेरो आसा.” तलाव भरायच्या आधी गेले, तेवढं बरं झालं. आता त्यांचा पुतण्या गाऱ्हाणं घालतो. पाहुण्यांचं नाव घेत नाही.

गेल्या वैशाखात शाल्मली आली. केस पांढरे झालेले, चष्मा तसाच कपाळावर. बरोबर दोन विद्यार्थिनी. नवा अभ्यास होता. खाडीकाठच्या गावांनी बदलत्या हवामानाशी जुळवून कसं घेतलं, याचा.

“तुम्ही कसं घेतलंत जुळवून, ते तुमच्याकडूनच ऐकायचंय, ताई,” ती अंगणातल्या खळ्यात उभी राहून म्हणाली. “मी खूप भांडले त्यांच्याशी. खरंच. आणि या वेळी मी पहिली अट घातली. या वेळी मॉडेलमध्ये हाळवी आहे. उगमापासून खाडीपर्यंत, अख्खी.”

“मॉडेलात आसा?”

“हो.”

“बरा झाला. थंयच रवांदे.”

तिचे डोळे भरले. मी बघितलं ते. ओसरीवर यायला म्हणून तिनं पायरीशी वाकून चपला काढल्या, नीट एका बाजूला जोडून ठेवल्या. विद्यार्थिनींनीही काढल्या. आमच्या गावात आलेल्या माणसाला खळ्यातून परत पाठवलेलं मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

“घाल त्यो पायात,” मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.